सुनंदाला आणलेली शहाळी

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बाईंच्या दोन्ही किडन्यांचं काम जवळपास थांबलंय. डायलिसिस सुरू करावं लागेल." मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "कायम." सुनंदा, माझी बायको, शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिने पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "चला, पूजा कॉलेजातून यायची वेळ झाली." पूजा आमची मुलगी.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. वैजापूरची गाडी कधी, पैठणची कुठल्या फलाटाला लागते, लोक विचारतात आणि मी मान वर न करता सांगतो. त्या दिवशी मात्र दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आपलं घर कुठल्या बाजूला तेही मला पटकन सुचेना.

लक्षणं आधीपासून होती. पायांना सूज यायची, सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं असायचं, अन्नावरची वासना उडाली होती. आम्ही ते वयावर ढकललं. बीपीची गोळी ती आठवली तर घ्यायची. मग एका तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, जो किडनीने बाहेर टाकायचा असतो. तो साचत चालला होता.

डायलिसिस म्हणजे रक्त नळीने मशीनमध्ये न्यायचं, धुवायचं आणि परत अंगात सोडायचं. त्यासाठी तिच्या डाव्या हातात फिस्टुला केला, म्हणजे शीर आणि धमनी एकमेकींना जोडली. त्या जागेवर हात ठेवला की आत सतत थरथर लागते, चालू गाडीच्या बॉनेटवर हात ठेवल्यासारखी. त्या हातात बांगडी चालत नाही. सुनंदा तो हात कायम पदराखाली ठेवायची.

माझी किडनी द्यायला मी तयार होतो. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला शुगर आहे. तुमची चालणार नाही." देणारा समोर उभा असून घेता येत नाही, हे मला फार लागलं. मी घरी येऊन कारण नसताना पूजावर चिडलो.

सुनंदाने एकच गोष्ट मागितली. पूजासाठी एक स्थळ आलं होतं, बोलणी पुढे गेली होती. "किडनीचं नाव काढू नका," ती म्हणाली. "लोक म्हणतील, आईला हाय म्हणजे पोरीलाबी होईल. पूजाचं जमू द्या, मग काय सांगायचं ते सांगा." पूजा लपवायला नको म्हणत होती, पण आईपुढे तिचं काही चाललं नाही. आम्ही सगळ्यांना एकच सांगू लागलो, अशक्तपणा आहे, बीपीचा त्रास आहे.

डायलिसिस विभागाच्या बाहेर लोखंडी बाकं आहेत. तिथं मला शबाना मॅडम भेटल्या. त्या एका विद्यापीठाच्या नर्सिंग विभागात शिकवतात. पेशंटच्या आजारपणात घरच्यांचं काय होतं आणि घरच्यांच्या वागण्याने पेशंटचं काय होतं, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. त्यांनी आधी माझी परवानगी घेतली आणि मग विचारलं, "भाऊ, तुमची झोप कशी आहे?"

आत माझी बायको मशीनला जोडलेली आणि ह्यांना माझ्या झोपेची पडली होती. मी म्हणालो, "पेशंट आत हाय मॅडम."

"त्यांना विचारणारे आत लई जण आहेत, भाऊ. तुम्हाला कुणी विचारलं का?"

मी चहाचं निमित्त करून उठलो. पण पुढच्या वेळी मीच त्यांच्याजवळ जाऊन बसलो. झोप, भूक, चिडचिड, सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, घरात हा आजार कुणाकुणाला माहीत आहे. मी म्हणालो, आम्हा तिघांनाच. त्यांचं लिहिणं थांबलं. "भाऊ, जवळच्या माणसांना तरी सांगा. नाहीतर मायेनं काहीतरी खाऊ घालतील." मी घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "जरा दम धरा."

मग आक्का आली. आक्का माझी थोरली बहीण, पैठणला असते. आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही, आणि आक्का तर शेजारणीला सर्दी झाली तरी काहीतरी घेऊन जाणारी. अशक्तपणा म्हटल्यावर तिने आमच्या पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावरच्या गाड्यावरून शहाळी आणली. मी ड्युटीवर, पूजा कॉलेजात.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. पोटॅशियम हा रक्तातला एक क्षार आहे. तुमच्या-माझ्या अंगात जास्त झाला तर किडनी बाहेर टाकते. सुनंदाच्या अंगात तो साचतो आणि हृदयाचे ठोके बिघडवतो. हे सुनंदाला माहीत होतं. तरी ती प्यायली. आक्का मुक्कामाला राहिली आणि दुसऱ्या दिवशीही आम्ही दोघं बाहेर पडल्यावर तिने पेला भरून दिला. सुनंदा तोही प्यायली.

दुपारी कॉलेजातून घरी आलेल्या पूजाचा फोन आला. आईचे पाय उचलत नाहीत, जीभ जड झाली आहे. दवाखान्यात ईसीजी काढला, म्हणजे हृदयाचा आलेख. डॉक्टरांनी तो पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाहेर थांबा." नर्स इंजेक्शन घेऊन धावली. दार लागलं.

बाहेर आक्का भिंतीला टेकून उभी होती. "आरं दिगू, मी तर ताकद यावी म्हणून पाजलं. काय झालं तिला?" मी तिला काय सांगणार होतो? ज्या बाईने वचन घेतलं होतं ती आत होती. शेवटी पूजाच म्हणाली, "आत्या, आईच्या किडन्या गेल्यात." आक्का तिथंच फरशीवर बसली.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा मास्क खाली होता. "वेळेवर आणलं. लगेच डायलिसिसला घेतोय. पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही." डायलिसिस झाल्यावर सुनंदाला मी एवढंच विचारलं, माहीत असून का प्यायलीस. ती म्हणाली, "आक्कांनी पेला तोंडाला लावला. नको म्हणलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं."

शबाना मॅडम नंतर भेटल्या. "मी तेव्हाच सांगितलं होतं," असं त्या म्हणाल्या नाहीत. शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मी विचारू शकते, भाऊ. तुमच्या घरात येऊन पेला धरू शकत नाही." मग त्यांनी घरच्यांसाठी त्यांच्या विभागात एक बैठक ठेवली. पेशंटने काय खायचं यापेक्षा पाहुण्यांना काय सांगायचं यावरच तिथं जास्त बोलणं झालं. आक्का पहिल्या रांगेत बसली होती.

सुनंदा बरी झालेली नाही, होणारही नाही. आठवड्यातून दोनदा आम्ही जातो, ती आत आणि मी बाहेर. स्थळाकडच्यांना आम्ही खरं ते सांगितलं. त्यांचा फोन परत आला नाही. पूजा म्हणते, बरं झालं. तिच्या आईला ते अजून पटत नाही, आणि मला काय वाटतं ते मी बोलत नाही.

तुमच्या घरी असा आजार आला तर लपवू नका. माणसं वाईट नसतात, त्यांना फक्त माहीत नसतं. मला एवढंच सांगता येतं, बाकी माझ्या हातात काहीच नाही.

गेल्या आठवड्यात आक्का आली. दारातच थांबली, दोन्ही तळवे सुनंदापुढे उघडे केले आणि म्हणाली, "बघ, काय बी आणलं नाय." बोलता बोलता तिला रडू आलं. जन्मात पहिल्यांदा ती कुणा आजाऱ्याकडे अशी आली होती. सुनंदाने पदराखालचा डावा हात बाहेर काढला आणि त्या रिकाम्या हातांत दिला.