फुगल्या दिवसाचं माप

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांचं यकृत पार निकामी झालं होतं. दुसऱ्याचं बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि त्यासाठी रुग्णालयाच्या यादीत नाव होतं. रक्त तपासून कावीळ, मूत्रपिंडं, रक्त गोठायला लागणारा वेळ यांवरून सहा ते चाळीसमधला एक आकडा काढत. आकडा जितका मोठा, तितका नंबर लवकर. मास्तरांचा बावीस होता.

"दाजी, शाळेत कधी एवढे मार्क पडले होते का?" मेहुणा म्हणाला होता. तेव्हा मास्तरही हसले होते.

रक्त दर पंधरा दिवसांनी द्यायचं होतं. त्या सोमवारी मास्तर उठले ते हळदीसारखे पिवळे होऊन. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं.

"चला, आज शेवटची तारीख आहे," बायको म्हणाली.

"आज नको. फुगल्या दिवशी माप घेऊ नये, कापड वाया जातं. जरा उतरू दे, मग खरा आकडा येईल."

तीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून काजं-बटणं करणाऱ्या बायकोला ते पटलं. दुकानात त्यांनी कित्येक गिऱ्हाइकांना असंच परत पाठवलं होतं.

सूज काही उतरली नाही. शुक्रवारी दोघं गेली, तेव्हा यादी सांभाळणाऱ्या सिस्टरने कपाळाला हात लावला.

"मास्तर, तारीख उलटली की आधीचा कमी आकडा धरतात. तुमचा बावीसच्या आधीचा एकोणीस धरला. परवा तुमच्या रक्तगटाचं यकृत आलं, ते चोवीसवाल्याला गेलं."

"मला वाटलं, आज माप चुकीचं येईल."

"अहो, इथे फुगलेलंच माप लागतं."

रक्त दिलं. संध्याकाळी आकडा आला, एकोणतीस.

"आता यादीत तुम्हीच वर आहात," सिस्टर म्हणाली.

"पुढचं कधी येईल?" बायकोने विचारलं.

सिस्टर कागद लावत राहिली. "ते कुणाच्या हातात नसतं, वहिनी. पण मूत्रपिंडं आता थकायला लागलीत."

घरी आल्यावर बायकोने दुकानातली टेप काढली. डॉक्टरांनी पोटाचा घेर रोज मोजायला सांगितला होता. टेप कमरेभोवती फिरली आणि मास्तरांनी नकळत पोट आत ओढलं. गिऱ्हाइकं ओढायची तसंच.

"श्वास सोडा," बायको म्हणाली.

हे वाक्य आजवर मास्तरच म्हणत आले होते. त्यांनी श्वास सोडला. तिच्या बोटांतली टेप सरकत गेली. तिने आकडा वाचला, पण मोठ्याने सांगितला नाही.