चाप हलका होणार नाही

ठासणीकाकू बंदूक चापाला लटकवायच्या. नवी जुळवलेली रिकामी बंदूक घ्यायची, घोडा, म्हणजे बार उडवणारी वरची हातोडी, अर्ध्यावर ओढायचा आणि चापात बोट अडकवून अख्खी बंदूक उचलून धरायची. एवढं वजन येऊनही घोडा पडला नाही, तरच ती गिऱ्हाइकाच्या हाती. पडला की पुन्हा कानस. लालबागला आमच्या चाळीत तळमजल्यावर त्यांचं दुकान होतं. कोकणातले परवानाधारक शेतकरी रानडुकरं हाकायला ठासणीच्या बंदुका त्यांच्याकडून करून नेत. चाळीने नाव पाडलं ते त्यावरूनच.

संध्याकाळी ऑफिसातून आले की मी दुकानाच्या उंबऱ्यावर टेकायची. घोड्याच्या बुडाशी दोन खाचा असतात आणि चापाला जोडलेली लोखंडी जीभ त्यांत अडकते. पहिल्या खाचेत, म्हणजे घोडा अर्ध्यावर असताना, चाप कितीही दाबा, बार उडता कामा नये. दुसरी खाच बार उडवण्याची. काकू जिभेवर दिव्याची काजळी धरायच्या, ती बसवून घोडा ओढायच्या, पुन्हा काढायच्या, आणि काजळी पुसली गेली असेल तिथेच कानशीचा एक हलका हात द्यायच्या. असं दिवसभर. कुणी घाई केली तर मान वर न करता म्हणायच्या, "घाई असेल त्याने जत्रेतली घ्यावी. प्लास्टिकची."

दुकानाचा परवाना काकांच्या नावावर होता. ते गेले तेव्हा काकूंचे दीर गावाहून आले आणि परवाना आपल्या नावावर करू म्हणाले. काकू मला घेऊन थेट सरकारी कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबांनी विचारलं, "घरात पुरुषमाणूस कुणी नाही का?"

"आहेत ना, दीर आहेत. पण कानस मी धरते. हवं तर दोघांना एकेक घोडा बसवायला द्या."

खेपा बऱ्याच झाल्या. दर वेळी त्या तेच वाक्य त्याच आवाजात म्हणत. शेवटी परवाना त्यांच्याच नावाने आला.

दिरांनी मनात काही ठेवलं नाही. गावाकडची गिऱ्हाइकं तेच आणत. एकदा मात्र ते गावातल्या एका पुढाऱ्याची बंदूक घेऊन आले. "वयनी, मोठो माणूस आसा तो. चाप हलको व्हयो त्येका. बोट लागला की बार."

"होणार नाही."

"दुसऱ्यांकडे करून देतत."

"देऊ देत. हलका केला की घोडा पडताना जीभ पहिल्या खाचेवर आपटते. कधीतरी टोक उडतं. मग अर्ध्यावरचा घोडा कशाच्या जिवावर उभा राहणार?"

दीर चिडले. गिऱ्हाइकं आपली आहेत, ती आपण दुसरीकडे वळवू शकतो, असं म्हणाले. काकूंनी बंदूक फडक्यात गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवली. "घेऊन जा. सगळी न्या."

त्या संध्याकाळी त्यांनी मला स्वतःच्या वडिलांचं सांगितलं. घोडा अर्ध्यावर ठेवून, खांद्याला बंदूक अडकवून ते डोंगरातली घाटी चढत होते. करवंदीची फांदी घोड्यात अडकली, झिजलेली खाच सुटली, बार उडाला आणि ते जागीच गेले. काकू तेव्हा फ्रॉकमध्ये होत्या. "बाबांची चूक नव्हती. जुळवणाऱ्याची होती," एवढंच म्हणाल्या आणि कानस उचलली.

त्या हंगामात गावाकडून एकही बंदूक आली नाही. काकू रोज दुकान उघडत, बंदुकांच्या जुन्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, पुसत, रेडिओ ऐकत. मी म्हटलं, थोडं नमतं घेतलं तर? "नमतं घ्यायला मी काय घोडा आहे?" पुढच्या पावसाळ्यानंतर दोन शेतकरी दिरांना न विचारता स्वतःच चौकशी करत आले. मग आणखी आले. अखेरीस दीरही आले, हातात फणस घेऊन.

पुढे काकूंचा हात कापायला लागला. एक बंदूक अर्धी झाली होती. दीर म्हणाले, द्या तशीच, कोण बघतंय. काकूंनी गिऱ्हाइकाला आगाऊ रक्कम परत केली, परवाना स्वतः जाऊन जमा केला. कारकुनाला बजावलं, "आजारपण लिहू नका. हात कापतो, तेवढंच लिहा."

परवा त्या गेल्या. मला ठाऊक नसलेली कितीतरी माणसं कोकणातून रात्रीच्या गाडीने आली होती. दीर जिन्याखाली एकटेच उभे होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "आयुष्यभर माझा एक आयकल्यान नाय वयनीन." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. गावातल्या कुणाहीपुढे छाती काढून सांगावं, तसे ते सांगत होते.