तिसरा कप

कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात कॉफीच्या बिया भाजतात आणि तो वास आला की मी आमच्या अंधेरीच्या जुन्या बिल्डिंगमध्ये जाऊन पोचते. चौऱ्याऐंशी साल असावं. वरच्या मजल्यावर इथिओपियाहून शिकायला आलेली एक मुलगी राहायची. आमचे गणपती नुकतेच गेले होते आणि तिचं नवं वर्ष होतं, म्हणून तिने आईला नि मला बोलावलं. खोलीभर मागच्या मैदानातलं ओलं गवत पसरलेलं, कोपऱ्यात ऊद जळत होता, ताटलीत मक्याच्या लाह्या होत्या. भाजलेल्या बियांचा धुरकट तवा तिने आमच्या नाकापुढे धरला. आई आधी खोकली, मग हसली. पहिला कप संपवून आई उठायला लागली, तर ती मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, तीन घ्यायचे असतात, तिसरा आशीर्वादाचा. दुसऱ्या कपाला आईने सहज विचारलं, ‘‘घरी कोण कोण असतं गं?’’ ‘‘आई होती. गेल्या महिन्यात गेली, दुष्काळात.’’ आईचा कप हातातच राहिला. ‘‘अगं, मग सण कशाला केलास? आमच्यात वर्षभर करत नाहीत.’’ ती गवताकडे बघत म्हणाली, ‘‘दरवर्षी आईच करायची. आता मीही नाही केला, तर कोण करणार?’’ आईने तिसऱ्यासाठी कप पुढे केला. यंदा चैत्रात आई गेली. काल मी माळ्यावरून गणपतीचा पाट काढला, तर आत्या म्हणाली, ‘‘यंदा नको गं, अजून वर्ष व्हायचंय.’’ मी पाट पुसत राहिले. म्हटलं, ‘‘दरवर्षी आईच करायची.’’