मापाचा ब्लाउज चालणार नाही

ऑपरेशननंतर मी अमरावतीला लेकीकडे राहिले. केमो संपले, डोक्यावर केस उगवायला लागले, तेव्हा एक दिवस जेवताना जावई म्हणाले, "आई, आता आराम करा. मशीन विकून टाकू." जावयाला उलटं बोलता येत नाही. मी त्यांना भाजी वाढली आणि आत जाऊन राग लेकीवर काढला. "मशीन विकून काय करू व? जन्मभर तुमच्या घरचे वाटाणे सोलू?" ती म्हणाली, "तुह्या भल्यासाठीच म्हणून राहिले ते." म्हटलं, भलं गेलं चुलीत. दुसऱ्या दिवशी अकोल्याची गाडी धरली.

जुन्या शहरात घराच्या पुढच्या खोलीतच माझं दुकान. कटोरी ब्लाउज ही माझी ओळख. कटोरी म्हणजे छातीवर वाटीच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडायचा. अंगाला बसला तर ब्लाउज, नाही तर पोतं. म्हणून मी माप अंगावरचंच घ्यायची, पडद्याआड. मोर्णा नदीच्या पलीकडून, नव्या वस्त्यांतून बाया यायच्या. हुक काढता काढता सासूच्या चहाड्या सांगायच्या, मी टेप फिरवायची.

शटर उघडलं तशा बाया आल्या. शिवायला नाही, बघायला. बोलणं माझ्या तोंडाशी आणि नजर डावीकडे. डावीकडे काही नव्हतंच. लेकीने स्पंजचं काहीतरी आणून दिलं होतं, ते मी ट्रंकेत टाकलं. माझे सगळे ब्लाउज उसवून डावी बाजू सपाट करून घेतली, छान बसली. दर्जीण आहे मी. माझ्या अंगाला बसत नाही ते मीच घालू होय?

मग कापडं यायला लागली, पण पिशवीतून. आत कापड, आस्तर आणि मापाला एक जुना ब्लाउज. "घाईत आहो बाई, याच्यावरून शिव." पहिलीला खरंच घाई असेल असं वाटलं. मग दुसरी घाईत, तिसरी घाईत. साऱ्या अकोल्याला एकदमच घाई झाली होती काय! कोणालाच माझा हात अंगाला लावून घ्यायचा नव्हता. असा संताप आला म्हणता! आणि रडूही आलं, खोटं कशाला बोलू. केमोत आतडी पिळवटून उलट्या झाल्या तेव्हाही एवढं आलं नव्हतं.

खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि दारावर टांगला: मापाचा ब्लाउज चालणार नाही. माप द्यायला स्वतः यावे.

समोरच्या घरातून माझी जाऊ धावत आली. "डोकं फिरलं काय तुह्यं? लग्नसराई तोंडावर आली अन् तू गिऱ्हाईक तोडून राहिली?"

"तुटू दे."

"मंग खाशील काय?"

"फॉल-पिको करीन."

म्हटलं खरं, पण फॉल-पिको कोणीही करतं. कोणी अंगावरचं माप दिलंच नाही तर मी दर्जीण उरले कुठे? आणि झालंही तसंच. पिशव्या परत गेल्या. मी पंख्याखाली बसून साड्यांना फॉल लावत राहिले. जाऊ रोज विचारायची, "काढते काय पुठ्ठा?" मी म्हणायची, "नाई."

मग ती आली. आमच्याच गल्लीतली, आमच्याच विहारात येणारी, लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याच हातचे ब्लाउज घालणारी. आता तिच्या पोरीचं लग्न होतं. नवरीची आई म्हणून स्वतःसाठी पांढरं रेशमी कापड आणलं होतं. पुठ्ठा वाचला, तरी पिशवीतून जुना ब्लाउज काढून मशीनवर ठेवला.

"वाचता येते ना तुले?" मी म्हटलं.

"तुले त्रास नको म्हणून व."

"त्रास मले नाई, तुले होऊन राहिला. कॅन्सर टेपनं लागत नाई. विहारात पुढे बसते, अंधश्रद्धेवर भाषण देते, अन् माह्या हाताले भेते?"

ती भडकली. "येडी समजते काय मले? लागत नाई, माहीत आहे!" मग स्टुलावर बसली आणि तिचा आवाजच खाली गेला. "तुह्या हाताले आता समजते बाई. माप घेता घेता काई गाठबिठ लागली अन् तू गप झाली तं? पोरीचं लग्न आहे माह्या."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण राग काही गेला नाही.

"मी गप होणारी बाई आहो काय? लागलं तं तोंडावर सांगीन, अन् हाताले धरून दवाखान्यात नेईन. नाई लागलं तरी तपासून घे, मी दर्जीण आहो, डाक्टर नाई. चाल, उठ."

उठली. पडद्याआड जाऊन तिने हुक काढले. मी नेहमीसारखीच टेप फिरवली, मुंढा, छाती, कंबर. ती श्वास कोंडून उभी.

"श्वास सोड, माप चुकते."

सोडला. "काई लागलं काय?"

"लागलं ना. जाडी झाली तू. जुन्या मापानं शिवला असता तं पंगतीतच उसवला असता."

ती रडता रडता हसली, मला एक सणसणीत शिवी दिली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "तुह्यं दाखव."

इतकी वर्षं त्या पडद्याआड साऱ्या गल्लीने हुक काढले होते. मी कधीच नाही. ऑपरेशननंतर तर लेकीलाही मी बघू दिलं नव्हतं. मी काढले. ती वाकून, जवळून बघत राहिली. काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत गेलेल्या व्रणावरून तिने हळूच बोट फिरवलं.

"इतकंच?"

"इतकंच."

दोघींनी हुक लावले. तिने पडदा सारला, ओट्यावर जाऊन उभी राहिली आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी पोरीला हाक मारली, "ये व, माप द्याले!"