भरल्या पेरूंची भाऊबीज

वरकुट्याच्या झुंबरच्या डोक्यात एखादं खूळ शिरलं, की ते तिच्या एकटीचं राहायचं नाही. आधी घरादाराला, मग आळीला आणि शेवटी इंदापूरच्या एसटीतल्या कंडक्टरलासुद्धा ते कळायचं. बाई मनानं लख्ख, त्यात वाद नाही. पण ऐकणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. एका साली तिनं परसात शेवग्याचं रान उठवलं. एका साली गावातल्या बायकांना सायकल शिकवायची म्हणून आधी स्वतःच गटारात पडली. सत्त्याण्णवच्या दिवाळीला तिला पेरूंनी झपाटलं. आता त्याला खूळ म्हणायचं तर म्हणा, पण त्याच्या बुडाशी मोठं दुखणं होतं.

झुंबरचं माहेर बारामतीजवळच्या पिंपळीचं. बाप मेंढरं राखायचा. ती आणि तिचा थोरला भाऊ जोतीराम, दोघं कळपामागं माळ तुडवत लहानाची मोठी झाली. भाकरी कमी पडली की जोतीराम आपली चतकोर तिच्यापुढं सारायचा आणि वर तोंड करून म्हणायचा, "मला भूकच न्हाय आज." पुढं मेंढरं विकली गेली. जोतीराम बारामतीत ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजात लागला आणि झुंबर वरकुट्याच्या रामहरीची बायको होऊन ऊसवाल्यांच्या घरात आली.

सगळं ठीक चाललं होतं. मग जोतीरामला साखरेचा आजार निघाला.

त्या साली तो भाऊबीजेला वरकुट्याला आला, तेव्हा झुंबरच्या सासूनं, भागूबाईनं, मोठ्या काळजीनं त्याचं ताट वेगळं काढलं. इतरांच्या ताटात गुलाबजाम, करंजी, शंकरपाळी; त्याच्या ताटात भाकरी आणि मेथी. "आजारी माणसाला जपलं पायजे," म्हातारी चारचौघांत म्हणाली. पंगतीतले सगळे त्याच्याकडं बघून हळहळले. जोतीराम खाली मान घालून जेवला, ओवाळणी टाकली आणि चहासुद्धा न घेता निघाला. पुढची दोन वर्षं भाऊबीजेला त्याच्याकडून साडी आली, माणूस आला नाही.

झुंबरनं त्या साड्यांची घडीसुद्धा मोडली नाही.

यंदा मात्र तिनं ठरवलं, काय व्हायचं ते होवो. दसरा झाला तशी ती इंदापूरला गेली, एसटीडी बूथवर जाऊन गॅरेजात फोन लावला आणि जोतीरामला फोनवर बोलावून घेतलं.

"जोतीदादा, यंदा भाऊबीजेला यायचं."

"नको गं. समदे गोड खाणार आन मी तितं दवाखान्यात बसल्यागत बसणार. साडी देतो धाडून."

"चुलीत घाल ती साडी. यंदा तुझं ताट येगळं न्हाय. समद्यांच्या ताटात जे, तेच तुझ्या ताटात. आन गोड असणार."

"साखर टाकून?"

"साखर न्हाय, गूळ न्हाय."

"मग काय, वारा वाढतीस का काय?" जोतीराम हसला. किती दिवसांनी तिनं त्याचं हसू ऐकलं. "बरं, बघतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

झुंबर बूथमधून बाहेर आली ती उड्या मारतच. स्टँडपर्यंत पोचली आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आपण शब्द तर देऊन बसलो, पण करायचं काय ते आपल्याला ठाऊकच नाही. सगळी दिवाळी डोळ्यांपुढून फिरवून आणली. लाडवात साखर, करंजीत साखर, चिवड्यातसुद्धा चिमूटभर साखर. त्यात कारखान्यानं सभासदांना नुकतीच दिवाळीची साखर वाटलेली. घरात कोपऱ्यात पोतं उभं. साखरेबिगर गोड हे त्या घरात कुणी कानानंसुद्धा ऐकलं नव्हतं.

पण स्टँडवर एक बाई पाटी घेऊन बसली होती. पिवळेधमक पेरू. वास असा सुटलेला, की झुंबरचे पाय तिथंच अडखळले. माळावर मेंढरं बसली की जोतीराम शेकोटीच्या राखेत पेरू पुरायचा, ते तिला लख्ख आठवलं. बाहेरून काळाठिक्कर पडलेला पेरू फोडला की आत असा गोडमिट्ट लागायचा, की जीभ भाजली तरी भान नसायचं. शेकलं की फळाची गोडी वाढते. मग साखर हवीय कशाला? एसटीत बसेपर्यंत तिचा बेत ठरलाही. वांगी भरतो तसे पेरू भरायचे, आणि भाजायचे.

"पेरूचं भरीत?" रामहरीनं विचारलं.

"भरीत न्हाय वो. भरला पेरू. गोड."

"मग भाकरीसंगं खायचा का भातासंगं?"

"तुमी गप बसा."

त्यांच्या बांधावर पेरूचं झाड होतं आणि ऐन बहरात होतं. तिनं पेरू उतरवले, वरची चकती कापून टोपी काढली, आतल्या बिया चमच्यानं कोरल्या, चाळणीवर चोळून गर तेवढा परत घेतला. त्या गरात भाजलेल्या दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, वेलची, सुंठ आणि तुपावर खरपूस भाजलेलं ज्वारीचं पीठ घातलं. पेरू भरून वर टोपी ठेवली आणि चुलीतल्या निखाऱ्यात पुरले. थोड्या वेळानं फट्-फट् असे आवाज झाले. पेरू उकलले, सारण राखेत, राख सारणात. भागूबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. झुंबरनं मात्र राख झटकून एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळेच मिटले.

"आत्या, चव आली. नुसती भट्टी पायजे."

आणि भट्टी कुठं असते? दिवाळीच्या तोंडावर तालुक्यातल्या निम्म्या बायका पिठाचे डबे घेऊन कुठं जातात? इंदापूरच्या बेकरीत, नानकटाई भाजायला. झुंबरही आपल्या नानकटाईचं पीठ घेऊन निघाली, आणि पिशवीत पेरू. रांग ही लांब. कुणाचा भाजायचा पत्रा कुणाच्यात मिसळू नये म्हणून प्रत्येक बाई आपल्या नानकटाईवर खूण करते. कुणी अंगठा दाबते, कुणी काटा-चमचा. झुंबर कडेला एक तिरकी खाच मारायची. तिच्या बापाच्या मेंढरांच्या कानाला तीच खाच असायची.

बेकरीवाले दस्तगीरचाचा. त्यांनी पेरू बघितले, झुंबरकडं बघितलं, पुन्हा पेरू बघितले.

"ताई, ह्ये काय?"

झुंबरनं सगळं सांगितलं. भाऊ, आजार, वेगळं ताट, फोन, राख, सगळं. मागची रांग थांबली, पुढची रांग ऐकायला वळली. चाचा दाढी खाजवत म्हणाले, "आत्ता टाकू नका. आत्ता भट्टी तापलीय, फुटतील. पाव निघू द्या, नानकटाई निघू द्या. शेवटच्या शेकावर ठेवू. आन ध्यानात ठेवा, भाजणीची खरी मजा वरच्या शेकात असती, खालच्या जाळात न्हाय."

शेवटच्या शेकावर पेरू आत गेले. ते बाहेर आले तेव्हा बेकरीत असा वास सुटला की रांगेतल्या बायका टाचा उंचावून बघायला लागल्या. साल सुरकुतलेली, टोप्या तांबूस, सारण वर फुगून आलेलं. चाचांनी एक फोडून सगळ्यांना नखभर दिला. "साखर न्हाय ह्यात?" एकीनं विचारलं. "शपथ," झुंबर म्हणाली, आणि आनंदानं तिला रडूच यायला लागलं.

इंदापूरच्या डॉक्टरांना झुंबरनं विचारून घेतलं होतं. पेरू बेतानं चालेल म्हणाले होते. आता राहिलं काय? पाडव्याला भाजायचे, भाऊबीजेला वाढायचे. पाडव्याच्या सकाळी झुंबरनं झाडावरचे उरलेसुरले सगळे पेरू उतरवले, सारण परातीत कालवून ठेवलं आणि न्हायला गेली. येऊन पेरू भरले, इंदापूर गाठलं.

चाचांनी पत्रा बाहेर ओढला आणि म्हणाले, "ताई, ह्या बारीला साखर जास्त पडली. बघा, पाक सुटलाय."

"साखर घातलीच न्हाय, चाचा."

पण पत्र्यावर तांबडा चिकट पाक पसरला होता, कडेनं करपून कडक झाला होता. झुंबरनं बोट लावून चाटलं, आणि पेरू तसेच डब्यात भरून ती तडक निघाली.

घरी आली ती डबा ओट्यावर आपटूनच. "आत्या, सारणात साखर कुणी घातली?"

भागूबाई करंज्या डब्यात भरत होती. हात थांबला. "मूठभर घातली. त्यात काय एवढं? ऊसवाल्याचं घर आपलं, पोतं भरून साखर पडलीय, आन पाव्हण्याच्या ताटात फिकं वाढायचं? पिंपळीत जाऊन त्यो सांगंल, बहिणीच्या घरी साखर महाग झाली म्हणून. माझी अब्रू न्हाय जाणार?"

"आत्या, त्यो काय सांगायला यील? दोन वर्षं झाली, त्यो हितं पायच ठेवत न्हाय." झुंबरचा आवाज फाटला. "त्याला तुमची साखर नको. त्याला पंगतीत बसायचंय, समद्यांसारखं. मी शब्द दिलाय. आता झाडावर एक पेरू न्हाय. उद्या त्यो आला तर पुन्हा मेथीच वाढा त्याला."

एवढं बोलून ती चुलीपुढं बसली आणि ढसाढसा रडली. करंज्यांच्या डब्याला झाकण लावून भागूबाई परसात निघून गेली.

भाऊबीजेला सकाळी झुंबर उठून बघते तर म्हातारी घरात नाही. रामहरीला विचारलं, त्यालाही ठाऊक नाही. एवढ्यात भागूबाई दारातून आली, आणि ओच्यात भरघोस पेरू.

"कुठनं आणलं?"

"प्रयागबाईच्या झाडाचं."

झुंबर बघतच राहिली. शेजारची प्रयागबाई आणि भागूबाई यांच्यात बांधावरून वाजलं होतं, आणि तेव्हापासून दोघी पाणवठ्यावरसुद्धा एकमेकींकडं पाठ करून उभ्या राहायच्या. ती म्हातारी आज त्या दारात जाऊन पदर पसरून आली होती.

"कालचं साखरंचं पेरू दिलं तिला बदल्यात," भागूबाई पेरू धूत म्हणाली. "लय आवडलं म्हणं मेलीला. बस आता, कोरायला घे. माझी नजर न्हाय पोचत."

बेकरी त्या दिवशी बंद. मग भट्टी कुठून आणायची? पण चाचांचं बोलणं झुंबरच्या कानात होतं. तिनं मोठ्या लोखंडी घमेल्यात वाळू तापवली, वाळूवर पेरूंचं ताट ठेवलं, वरून दुसरं घमेलं पालथं घातलं आणि त्या पालथ्या घमेल्यावर निखाऱ्यांचा ढीग रचला. खाली धग जेमतेम, वर लालभडक. भागूबाई शेजारी बसून निखारे सारखे करत होती. झुंबर दर घडीला झाकण उचलायला जायची आणि म्हातारी तिच्या हातावर चापट मारायची. "वाफ जाऊ देऊ नगंस. निघतील चांगलं." अखेर घमेलं उचललं, आणि दोघी एकमेकींकडं बघून पोरींसारख्या हसायला लागल्या. एकही फुटला नव्हता. रामहरी वासावर गोठ्यातून आत आला.

ते सगळं झालं, पण जोतीराम यायचा होता. 'बघतो' एवढंच तर म्हणाला होता तो. बारामतीची गाडी आली, गेली. पुढची आली. झुंबर ओवाळणीचं ताट तयार करून उंबऱ्यात उभी. जेवणं खोळंबली, रामहरी दोनदा खाकरला, पण पानं घ्या म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आणि मग पाणंदीतून एक माणूस येताना दिसला; वाळलेला, पण चाल तीच, कळपामागं चालणाऱ्याची.

झुंबरनं त्याला ओवाळलं.

पाट मांडले. जोतीराम बसला आणि आधी शेजारच्या रामहरीच्या ताटात डोकावला. मग आपल्या ताटात. दोन्हीकडं भाकरी, मेथी, वरण, आणि मधोमध टोपी घातलेला एकेक भरला पेरू. करंजीचा डबा भागूबाईनं फळीवर ठेवला होता तो काढलाच नाही. जोतीरामनं पेरूची टोपी उचलली, आतलं सारण बोटानं तोंडात घातलं आणि थांबला.

"झुंबर," तो म्हणाला, "ह्ये आपलं माळावरचं."

"व्हय," झुंबर म्हणाली.

त्यानं भाकरी अर्धीच ठेवली आणि पेरू सालीसकट संपवला. तेवढ्यात भागूबाई ताट घेऊन पुढं आली. "पाव्हणं, अजून अर्धा घ्या."

"नको मावशी. बास झालं."

"आसं कसं बास? सकाळपास्नं निखाऱ्यापुढं बसलीय मी. घ्या."

"नको, नको, खरंच नको," जोतीराम हसत म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात ताटावर आडवे धरले. म्हातारीनं ते बाजूला सारले आणि अर्धा पेरू ताटात टाकलाच. जोतीराम त्या पेरूकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"मावशी," तो म्हणाला, "आजार निघाल्यापास्नं मला कुणी आग्रहच केला न्हाय. नको म्हणायलाच मिळालं न्हाय मला कुठं."

भागूबाईनं पदरानं नाक पुसलं आणि ताट पुन्हा त्याच्यापुढं केलं.

"मग म्हणा की आता," ती म्हणाली.