काळ्या गाडीत नवरदेव बसत नाही

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीतलं मला कळतं, असं नातेवाइकांनी एकमतानं ठरवून टाकलं आहे. विहिरीला पाणी कुठे लागेल, गुडघा का दुखतो, सोयाबीनवर काय फवारावं, सगळं मला विचारतात आणि मग त्यांना करायचं तेच करतात.

जुन्या गाड्यांतलं मात्र मला खरंच थोडं कळतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी एक फाटकं मासिक वाचायला दिलं होतं, त्यात विलायती मोटारींची रंगीत चित्रं होती. गुरुजींचे ते उपकार आजही फिटलेले नाहीत. रस्त्यात जुनी गाडी दिसली की मी थांबतो. मोताळ्याच्या बाजारात कोबीच्या पोत्यांनी भरलेली पांढरी अँबेसिडर दिसली, तेव्हा मोटरसायकल आडवी लावून मी तिचा फोटो काढला. मालकाला वाटलं, आरटीओचा माणूस आला. त्यानं मला चहा पाजला.

तर डोणगावच्या मामेभावाचं लग्न ठरलं. मुलगी दुसरबीडची, बी.एस्सी. झालेली. तिनं फोनवर एकच हट्ट धरला: घोडा नको, नवरदेव जुन्या जमान्याच्या मोटारीतून यावा. भावानं शब्द दिला. होणाऱ्या बायकोला दिलेला पहिलाच शब्द मोडला तर उरलेला जन्म कसा जाईल, या काळजीनं तो वाळत चालला.

गाडी मामांनी ठरवली. मला विचारलं नाही, कारण मला त्यातलं कळतं हे सर्वांना माहीत होतं.

लग्नाच्या सकाळी गाडी टेम्पोवर चढून आली. सोनेरी पत्रा, लाल मखमल, पुढे परातीएवढे दोन दिवे. मी वाकून पाहिलं, तर खाली छोट्या व्हॅनचा सांगाडा.

"मामा, ही जुनी नाही. आत्ता वेल्डिंग करून बनवलेली आहे."

"मंग चांगलंच हाय ना बे! नवी भेटली."

गाडीवाल्यानं हात जोडून सांगितलं, की या गाड्या गावाच्या वेशीपर्यंत टेम्पोवरच न्यायच्या असतात. तिथे उतरवायच्या आणि बँडच्या मागे माणसाच्या चालीनं चालवायच्या. त्यापुढे त्यांचा जीव नाही. पण मामांचा हिशेब वेगळा होता.

"मेहकरच्या पुढंच उतरव. रस्त्यातल्या गावायनं पाह्यलंच नाही, तं गाडी आणून उपेग काय?"

मेहकरच्या पुढे गाडी उतरली आणि मामांनी टेम्पो परत पाठवला. सुलतानपूरच्या लोकांनी गाडी पाहिली. पुढच्या गावाचं ते नशीब नव्हतं. चढावर बॉनेटमधून वाफ आली आणि नवरदेव मखमलीवर बसल्या जागी थांबला. लग्न दुपारचं, ऊन डोक्यावर. तेवढ्यात मुलीचा फोन.

"हे काय, येऊनच राह्यलो," भाऊ रस्त्याच्या कडेला उभा राहून म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "दादा, काही तरी कर ना. नाही तं ते पोरगी माह्यं तोंड नाही पाहणार."

आणि तेव्हाच मागून त्या आल्या. लोणारचं सरोवर पाहून परत निघालेल्या, खऱ्याखुऱ्या जुन्या मोटारींची रांग. मासिकातली चित्रं ओळीनं रस्त्यावर उतरली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते घामात खपून गेलं. सर्वांत पुढची लांब बॉनेटची, काळीभोर, आरशासारखी. आतून पुण्याचे एक गृहस्थ उतरले. आमच्या सोनेरी पत्र्याकडे पाहणं त्यांनी सभ्यपणे टाळलं.

"मागची सीट रिकामी आहे. नवरदेवांना बसू द्या. आम्ही सोडतो."

भाऊ निघालाच होता. मामींनी वऱ्हाडाच्या जीपमधून उतरून त्याचा शेला धरला.

"काळ्या गाडीत? हळदीचं अंग हाय लेकराचं! कोण्या मयतीले चालला का तो?"

"मामी, ही खरी जुनी गाडी आहे," मी म्हणालो. "हिच्यासारखी जिल्ह्यात नाही."

"नसंलच," मामा म्हणाले. "अन् मखमल कुठं हाय हिले?"

रांगेतल्या बाकीच्या गाड्यांत जागा नव्हती. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याला दया आली. त्यानं आमच्या ऐतिहासिक वाहनाला दोरखंड बांधला आणि नवरदेव निघाला. दुसरबीडात पोचताच बँड आडवा आला, पोरं नाचू लागली, रस्ता भरून गेला. वाटेत चहाला थांबून आलेल्या त्या सगळ्या खऱ्या गाड्या मागे मुंगीच्या चालीनं अडकल्या.

मुलीच्या काकांनी रांग पाहिली आणि तोंडात बोट घातलं. "पाव्हण्यायनं शब्द एका गाडीचा देल्ला, अन् आणल्या किती पाहा!"

मामांनी हे खोडून काढायची घाई केली नाही.

नवरी मांडवाच्या दारात आली. शिकलेली मुलगी, तिला तरी कळेल, या आशेनं मी तिच्याकडे पाहत होतो. तिची नजर ट्रॅक्टरवरून, मखमलीवरून फिरत थेट काळ्या गाडीवर थांबली.

"ते काळी कोणाची हाय हो?" ती नवरदेवाला म्हणाली. "तिले बाजूले घ्याले सांगा ना. आपल्या गाडीच्या फोटोत येऊन राह्यली."

'आपल्या गाडीच्या' हे ऐकून भावाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग चढला. पुण्याच्या गृहस्थांनी निमूटपणे मोटार मागे घेतली.