आहुप्यातल्या माझ्या सकाळी

निघण्याआधी घरात स्पष्ट ठरलं होतं. दिवसभर मी सगळ्यांबरोबर, पण सकाळ माझी. आईने मान डोलावली, बाबा "अर्थात" म्हणाले. महिनाभरावर माझी पहिली डोंगरातली शर्यत आली होती आणि मला लांब, दगडधोंड्यांच्या उतारावर पळायची सवय हवी होती. पुण्यातल्या टेकडीला तसा उतारच नाही. म्हणून दिवाळीनंतरच्या सुट्टीला आहुप्याला जाऊ, असं मीच सुचवलं होतं. शर्यतीचं मात्र घराबाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी मैत्रिणींनाही नाही. पूर्ण झाली नाही तर विचारणारे नकोत.

बोरी बुद्रुकला आमची शेती आहे, त्यामुळे जुन्नर-आंबेगावातला प्रत्येक दगड आपल्याला ओळखतो असं बाबांना वाटतं. पेठ गाव मागे पडलं तेव्हापासून ते माहिती देत होते. आहुप्यात आम्ही एका घरी उतरलो. पुढे पडवी, मागे परसात चूल आणि लगेच रान सुरू. पडवीतूनच एक पायवाट झाडीत शिरताना दिसत होती. ती बघून माझे पाय शिवशिवायला लागले.

पहिल्या सकाळी मी बुटांच्या नाड्या बांधत होते तेवढ्यात आई उठली.

"उपाशीपोटी जातेस? चहा तरी घे."

चहाबरोबर पोहे आले. पोह्यांबरोबर बाबा आले. "मीही येतो थोडं चालायला," ते म्हणाले, आणि मग "थोडं चालायला" सगळेच निघालो, कड्यापर्यंत. तिथे ऊन वर येईस्तोवर फोटो काढणं चाललं. प्रत्येक फोटोत आई-बाबा शाली पांघरून हसताहेत आणि बाजूला मी, पळायच्या कपड्यांत, हात कुठे ठेवावेत हे न कळून उभी.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न उठवता बाहेर पडले. नुकतं उजाडत होतं. भात कापून झालेलं, खाचरांत नुसते बुडखे. पहिल्या वळणावर दारात मिश्री लावत बसलेल्या एका आजींनी हात वर केला. "काय झालं गं?" मी हसून तशीच पुढे पळत राहिले. तिथेच चुकलं. पुढच्या घरातून एक माणूस कोयता घेऊन बाहेर आला आणि माझ्या मागून पळायला लागला. पाण्याला निघालेल्या दोन बायकांनी हंडे खाली ठेवले आणि त्याही पळायला लागल्या.

"थांब गं बाय! कुणाला पान लागलं?"

पान लागणं म्हणजे साप चावणं. बोरीलाही असंच म्हणतात, त्यामुळे तेवढं मला समजलं. मी थांबले. तोवर आणखी माणसं जमली होती. वाडीत कुणी पळालं की कुणाला तरी काहीतरी झालंय, आणि मग हातातलं टाकून सगळ्यांनी धावायचं, ही तिथली रीत.

"नाही, काही नाही झालं," मी म्हणाले.

"मग पळतीस कशापायी?"

मराठी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवते. इंग्रजी शाळेपासूनची सवय. इतके डोळे समोर असताना ते जुळत नाही.

"असंच," मी म्हणाले.

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "घरात काय बोललं का कोन?"

"नाही हो."

माझी सकाळ पुन्हा गेली होती. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मला भर रस्त्यात रडू आलं, रागाने. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. एकीने माझं मनगट धरलं, दुसरीने पाठीवर हात ठेवला, आणि त्या मला घरी पोचवायला निघाल्या.

आई तोंडात ब्रश धरून पडवीत उभी होती.

"ताई, पोरीला असं टोचून बोलू न्हाई," मनगट धरलेली बाई म्हणाली.

आईने ब्रश बाहेर काढला. "मी? मी काय बोलले?"

"आमी न्हाई इचारत. घरातलं घरात. पन लई रडत व्हती बाय."

"अहो, व्यायाम करते ती! पळायचा व्यायाम!"

"व्यायाम?" कोयतेवाल्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग आमच्या खळ्यावर धाडा की राव. भात झोडायचंय."

सगळे हसले. आवाज ऐकून बाहेर आलेले बाबा सर्वांत जास्त. आई हसली नाही.

दिवसभर तिने माझा दंड सोडला नाही. वाडीतून फिरताना मुद्दाम माझ्याशी मोठ्याने, गोड बोलत होती. आणि शेवटच्या सकाळी मी उठले तर ती बूट घालून तयार. "मी येते. बघू दे लोकांना." तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले.

प्रत्येक दाराशी ती थांबली. "शर्यत आहे हिची. डोंगरातली."

"पयला नंबर येनार का मंग?"

"येणार की!"

मला फक्त पूर्ण करायची होती. मैत्रिणींना न सांगितलेलं सगळ्या वाडीला कळलं, तेही वाढवून. मी जमिनीकडे बघत चालत राहिले.

सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, पोचल्यावर आई एका दगडावर बसली. "जा पळ. पण मला दिसत राहा."

मी कातळावर गोल गोल पळू लागले. प्रत्येक फेरीला आई हात हलवायची. दुपारी निघायचं होतं. कातळाच्या टोकाला एक वाट खाली झाडीत, ओढ्याकडे उतरत होती. मला हवा होता तसाच उतार, दगडांचा, वाकडातिकडा. दोन-तीनदा मी तिथून वळले. मग वळले नाही.

दहा-वीस पावलांत हाक आली. माझं नाव, लांबवून. अशा वेळी मी नेहमी थांबते आणि "आले" म्हणते. या वेळी थांबले नाही.

"आहे!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी कधी ओरडले असेन असं आठवत नाही.

मला वाटलं, झालं. पण लगेच पुन्हा हाक. पुन्हा "आहे!" मग जरा वेळ गेला की हाक, आणि हाकेमागून माझं "आहे!" उतारावर नजर पायांपुढे हवी, श्वास सांभाळायला हवा, आणि माझा निम्मा श्वास आईला उत्तरं देण्यात जात होता. दोनदा पाय मुरगळता मुरगळता वाचला. तरी ओढ्यापर्यंत गेले. तोंडावर पाणी मारलं आणि लगेच चढायला लागले.

चढावर पळताना ओरडणं आणखी अवघड. वरून हाक आली. "आहे," मी म्हणाले. ते तिला ऐकू गेलं नसावं, कारण पुढची हाक जास्त मोठी होती.